पूजेचा ताका

माझ्या दुकानात शिरलं की गाऊन, पायजमे, नाइट सूट दिसायच्या आधी गिऱ्हाइकाला काउंटरवरची काडेपेटी दिसते. तिच्या शेजारी एक चिमटा आणि पितळेची लहान वाटी. नवीन माणूस हमखास विचारतो, काकू, इथे उदबत्ती लावता का? मी म्हणते, नाही, कापड जाळते. मग तो एक पाऊल मागे सरकतो. डोंबिवली पूर्वेला मार्केटच्या मागच्या गल्लीत, दहा बाय बाराच्या गाळ्यात, गेली बावीस वर्षं मी झोपताना घालायचे कपडे शिवते आणि विकते. तोंडावर मला साळवी काकू म्हणतात, माघारी काडीवाली काकू. मला दोन्ही चालतं.

मी मूळची भित्री बाई आहे. पालीला भिते, लिफ्टला भिते, दुपारी दारावरची बेल दोनदा वाजली तरी साखळी लावूनच दार उघडते. तोंडाने फटकळ असल्यामुळे हे कुणाला कळत नाही, एवढाच काय तो फायदा. पण जिच्याबद्दल लिहायला बसलेय ती भीती या यादीतली नाही. ती मी माझ्या हाताने कापली, शिवली, इस्त्री केली आणि पिशवीत घालून एका पोरीच्या हातात दिली.

आधी धंद्याचं थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. बाहेर जायचे कपडे माणूस दुसऱ्यांसाठी घेतो. ते टोचले, घट्ट झाले तरी मिरवून घेतो. झोपेचा कपडा फक्त अंगाला कळतो. त्यात आमच्याकडे गाऊन नुसता झोपेचा राहिलेलाच नाही. बाई रात्री घालते, सकाळी त्याच्यावर ओढणी टाकून दूध आणायला खाली उतरते, त्याच गाऊनमध्ये गॅससमोर उभी राहून पोळ्या करते आणि तोच घालून देवापुढे निरांजन लावते. म्हणून मी गाऊनचं कापड निवडताना फक्त झोपेचा विचार करत नाही, आगीचाही करते.

कापड निवडायचं ते असं. घाम येणाऱ्यांना मलमल किंवा पातळ कॉटन, कारण ते घाम पितं आणि वाऱ्याला वाट देतं. थंडीत किंवा म्हाताऱ्या माणसांना होजियरी, ती अंगाबरोबर वळते, कुशीवर झालं तरी गोळा होत नाही. रेयॉन मऊ आणि गार लागतं, पण दोन धुण्यांत लांब होतं, म्हणून मी उंची आधीच दोन बोटं कमी ठेवते. सॅटिन दिसायला राजाराणीचं. एकदा एक नवा नवरा बायकोसाठी सॅटिनचा सेट घेऊन गेला, मी नको नको म्हणत असताना. महिन्याने बायको एकटी आली आणि म्हणाली, काकू, त्यांना बघायला तो राहू दे कपाटात, मला माणसासारखं झोपता येईल असं काहीतरी द्या. तिला मी मलमल दिली. अजून तीच नेते.

झोपेचा कपडा घ्यायला येणारं माणूस कपड्याबद्दल बोलता बोलता भलतंच बोलून जातं. अठ्ठेचाळिशीच्या बायका येतात, चादर भिजेपर्यंत घाम येतो, मला काही मोठं दुखणं तर नाही ना, असं दबक्या आवाजात विचारतात. एकदा एक गृहस्थ आले, सज्जन, इन केलेला शर्ट. पुढून पूर्ण उघडणारा गाऊन हवा म्हणाले. मी म्हटलं, फीडिंगचा का? तर म्हणाले, मिसेसचं ऑपरेशन झालंय, हात वर जात नाही. त्यांना मी तीन शिवून दिले, शिवणी बाहेरच्या बाजूने, म्हणजे टाक्यांना लागणार नाहीत. चौथा घ्यायला ते आले नाहीत. मी त्यांच्या घरी फोन करायचं धाडस केलं नाही. भित्री आहे, म्हटलं ना.

काडेपेटी मला दिली दामू मास्तरांनी. लग्नानंतर चौदा वर्षं मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कटिंगला होते. परदेशी जाणारे नाइट सूट तिथे शिवले जायचे. दामू मास्तर कटिंग टेबलचे मुख्य. ताका आला, म्हणजे कापडाची नवी गुंडाळी आली, की कात्री लावायच्या आधी ते कडेचे दोन धागे ओढायचे, चिमट्यात धरायचे आणि काडी लावायचे. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचा वास येतो आणि बोटात चुरगळली तर राख होते. पॉलिस्टर जळताना आकसतं, वितळतं, त्याचा थेंब होतो आणि गार झाला की तो थेंब मोहरीच्या दाण्यासारखा कडक होतो. सुती पेटत नाही असं कुणी समजू नये. तेही पेटतं आणि झटकन पेटतं. पण ते वितळून अंगाला चिकटत नाही, काढून फेकता येतं.

हे मला समजावताना मास्तरांनी एकदा बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गुळगुळीत, चकचकीत, एकही केस नाही. तरुणपणी स्टोव्ह भडकला तेव्हा त्यांच्या अंगात टेरिकॉट होतं.

"हा बघ माझा शर्ट," मास्तर म्हणाले. "इतकी वर्षं झाली, अजून निघालेला नाही."

त्यानंतर मी न जाळता एक ताका कापला नाही. म्हणजे एकच कापला.

आमच्या दुकानात खंडेनवमीला मशीन, कात्र्या, टेप, इस्त्री सगळ्यांची पूजा असते. त्या दिवशी मशीनला पाय लावत नाही. दसऱ्याला नवा ताका आणायचा, पाटावर ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं, आपट्याचं पान ठेवायचं आणि मग त्यातला पहिला कपडा कापायचा. पाच वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला कल्याणच्या घाऊक बाजारातून मी एक ताका आणला. निळ्या रंगावर बारीक पांढरी पानं. हाताला इतका मऊ, की मी दुकानातच गालाला लावून बघितला. व्यापारी नेहमीचा, शंभर टक्के कॉटन म्हणाला आणि त्यालाही बहुतेक तसंच वाटत असावं. मुठीत चुरगळून बघितलं, तर सुरकुत्या जरा कमी पडल्या. मला वाटलं नवीन फिनिश असेल. माझ्या बोटांवर माझा फार भरवसा होता तेव्हा.

एरवी ताका आला की सरळ काउंटरवर, आधी काडी. त्या दिवशी मुहूर्त गाठायच्या घाईत मी तो थेट पाटावर ठेवला. पूजा झाली. माझ्याकडे शिलाईला मीना असते, कल्याणहून येते, माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि माझ्याहून दहापट शांत. तिने सवयीने काडेपेटी उचलली आणि कडेचा धागा शोधायला लागली. मी तिच्यावर खेकसले. पूजा झालेल्या कापडाला काडी लावतेस? सणासुदीला? हळदकुंकू वाहिलंय त्याच्यावर, अक्कल आहे की नाही? मीनाने काडेपेटी खाली ठेवली. म्हणाली, तुमचीच पद्धत काकू, म्हणून घेतली. मी कात्री लावली.

त्या ताक्याचे नऊ गाऊन झाले. पूजेचं कापड म्हणून मी ते ओळखीच्या गिऱ्हाइकांनाच दिले, जणू प्रसाद वाटतेय. नववा होता प्रणालीचा. सव्वीस-सत्तावीसची पोरगी, आमच्याच गल्लीच्या टोकाला सासर, नववा महिना लागलेला. पायांना सूज, एका हाताने कंबर धरून काउंटरला टेकून उभी. पहिली वेळ होती आणि ती घाबरलेली होती. काकू, दुखतं का हो फार, असं तिने मला विचारलं, गाऊन विकणाऱ्या बाईला. मी तिचं माप घेतलं, दोन्ही बाजूंना छुप्या चेनी ठेवल्या, घेर मोठा ठेवला. देताना म्हटलं, हे दसऱ्याच्या पूजेचं कापड आहे, पाचवीला घाल, तुला आणि बाळाला लाभेल. तिचा चेहरा जरा निवळला. मला फार बरं वाटलं.

मधे एकदा सूचना मिळाली होती, ती मी ऐकली नाही. त्याच ताक्याचा गाऊन नेलेल्या एक शिक्षिका आल्या आणि म्हणाल्या, काकू, यावेळचा गाऊन गरम होतो, पाठ ओली राहते. मी फाडकन म्हटलं, ऑक्टोबर महिना आहे बाई, त्याला गाऊन काय करणार? बिचाऱ्या आल्या पावली परत गेल्या. माझं तोंड हा माझ्या धंद्यातला सगळ्यात मोठा दोष आहे.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. कटिंगमधून उरलेल्या तुकड्यांना आम्ही कातरण म्हणतो. त्यातले बरे तुकडे एकावर एक शिवून मीना दुकानासाठी हातफडकी करते. सकाळी साडेदहाला तिने मागच्या शेगडीवर चहा ठेवला आणि नव्या फडक्याने पातेलं उचललं. पातेलं धाडकन खाली आलं. मी धावले तर मीना बोटं झटकतेय आणि फडकं पातेल्याच्या काठाला चिकटलेलं. निळं, पांढऱ्या पानांचं. काठावर ते काळं पडून वितळलेलं आणि तिच्या तर्जनीवर तोच काळा ठिपका. नळाखाली बोट धरलं तरी तो निघेना.

 मला तोंडावर बोलायचा मीनाला पूर्ण अधिकार होता, पण तिने फक्त ओल्या हाताने काडेपेटी माझ्यापुढे सरकवली. मी कातरणातला धागा ओढला, चिमट्यात धरला, काडी लावली. पहिल्या दोन काड्या विझल्या. तिसऱ्या काडीला धागा आकसला, वर वर चढला आणि वाटीत टप्पकन थेंब पडला. नखाने दाबून बघितला. मोहरी.

मापाची वही काढली. मी वहीत नाव, माप आणि कपडा कशासाठी हवा तेही लिहिते. नऊ नावं होती. आठ नावांवरून बोट सरकलं आणि नवव्या नावाशी थांबलं. प्रणाली. छाती अडतीस, उंची चोपन्न, घेर जास्त. बाळंतपणासाठी.

ज्यांना आमच्याकडचं बाळंतपण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डॉक्टर हल्ली नको म्हणतात, तरी पुष्कळ घरांत सव्वा महिना शेक आणि धुरी चालते. मालीशवाली बाई येते, बाळाला आणि आईला न्हाऊ घालते. मग शेगडीत निखारे, त्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकतात. बाळाला वरच्यावर धूर दाखवतात. आईला मात्र विणलेल्या खुर्चीवर बसवतात, शेगडी सरकवतात खाली आणि धूर बाहेर जाऊ नये म्हणून गाऊनचा घेर चारी बाजूंनी सोडून देतात. गाऊनचा तंबू होतो आणि निखारे त्याच्या आत. मोठा घेर त्यासाठीच मागतात. तो मी विचारून, मापून, मुद्दाम मोठा दिला होता.

मीनाला म्हटलं, तू आठ जणींना फोन कर, गाऊन अंगात असेल तर आधी काढायला सांग, कारण नंतर सांग. मी गल्लीच्या टोकाला धावले. प्रणालीच्या सासूबाई दारातच भेटल्या, हातात पेढ्यांचा बॉक्स. मुलगी झाली काकू, सुखरूप, आज पाचवी. प्रणाली ठाण्याला माहेरी, खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या चाळीत. मी म्हटलं, तिला आत्ताच्या आत्ता फोन लावा. तर बाळंतिणीने फोन बघायचा नाही म्हणून तिच्या आईने तो बंद करून ठेवलेला. विहीणबाईंना दोनदा लावला, नुसता वाजत राहिला. सासूबाई म्हणाल्या, पाचवीच्या गडबडीत असतील, मालीशवाली दोन घरं करून अकराच्या सुमाराला येते, मग न्हाणं आणि शेक. मी घड्याळ बघितलं. पावणेअकरा झाले होते. त्यांनी दिलेला पेढा मी हातात धरूनच निघाले.

ठाण्यापर्यंत कशी पोचले ते मला विचारू नका. स्टेशनबाहेर रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला तीनदा म्हटलं, जरा लवकर चला. तो म्हणाला, मावशी, एसटी चुकतेय का? मी हो म्हटलं. डोळ्यांपुढे दामू मास्तरांचा हात होता आणि तो हात लहान लहान होत चालला होता, पाच दिवसांच्या बाळाच्या हाताएवढा. कुलदेवतेला मी काय काय कबूल केलं ते तिला माहीत. आणि मनातल्या मनात हिशेब चालू होता की पोरीने जुनाच गाऊन घातला असेल, नवा ठेवून दिला असेल, माणसं नवे कपडे ठेवूनच देतात. मग मलाच माझं बोलणं आठवायचं. पाचवीला घाल.

चाळीत पहिल्या मजल्यावरचं चौथं दार. दार प्रणालीच्या आईने उघडलं. ठेंगणी, कामाने थकलेली बाई, पदर खोचलेला. मी कोण ते सांगितलं, आत जायला लागले, तर त्यांनी आडवा हात धरला. आधी पाय धुवा, बाळ आहे घरात. बरोबरच होतं त्यांचं. बाहेरून आलेल्या माणसाने पाय धुतल्याशिवाय बाळंतिणीच्या खोलीत शिरायचं नाही, हे मीही दहा जणांना सांगितलंय. मी मोरीत गेले, तांब्या बुडवला. मोरीतून आतली खोली दिसत होती, मधे अर्धा पडदा. पडद्याखालून ओव्याचा धूर येत होता. आणि पडद्याखाली मला निळ्यावरची पांढरी पानं दिसली, जमिनीला टेकलेली.

आता माझ्या स्वभावाप्रमाणे मी किंचाळायला हवं होतं.  पण एक गोष्ट मला त्याच क्षणी कळली, की मी ओरडले तर पोरगी दचकून उठेल, घेर खाली जाईल आणि सरळ निखाऱ्यावर पडेल. हातातला तांब्या ओतला तरी तेच, राख आणि वाफ उडणार आणि शेजारी मालीशवालीच्या पायांवर बाळ. मी तांब्या खाली ठेवला. पडदा सारला.

प्रणाली वेताच्या खुर्चीवर बसली होती, केस ओले, डोक्याला रुमाल, कपाळाला घाम. गाऊन चारी बाजूंनी सोडलेला. मला बघून हसली.

दुकानात इतकी वर्षं मी बायकांना कपडे घालून बघायला लावलेत. त्या वेळचा माझा एक आवाज आहे, घाई नसलेला, थोडा कुरकुरणारा. तो आवाज मी कुठून काढला देव जाणे.

"अगं, उंची जास्त झालीय का गं?" मी म्हटलं. "थांब, उठू नकोस. आधी दोन्ही हातांनी घेर गोळा कर. पुढचा, मग मागचा. गुडघ्याच्या वर घे. हां. आता पोटाशी घट्ट धर."

ती हसत म्हणाली, काकू, इथे येऊन ट्रायल घेताय? पण तिने केलं. मी म्हटलं, आता हळू उभी राहा, सोडू नकोस, मला खालची शिवण बघायचीय. ती उभी राहिली. आता माझ्याकडे ये, दोन पावलं. ती आली. खुर्चीखाली शेगडी लाल दिसत होती. मी तिच्या मनगटांना धरलं, घेरासकट, आणि तिला पडद्याबाहेर आणलं, मोरीच्या ओल्या फरशीवर. मग मी तिथेच बसले. रडायला लागले ते थांबेचना. मालीशवाली बाळाला घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, या बाईला काय झालं, पाणी द्या.

मी सगळं सांगितलं. कापड सुती नाही, मी न जाळता कापलं, चूक व्यापाऱ्याची नाही, माझी. आधी ते अंगातून काढ. पोरीने आत जाऊन जुन्या साडीचा गाऊन घातला.  तिची आई त्या निळ्या गाऊनकडे बघत होती. मग म्हणाली, स्वतः सांगायला आलात म्हणून बसा म्हणते. नसतात आलात तर आज आमच्या घरात काय असतं?  मालीशवाली म्हणाली, देव तारी त्याला कोण मारी. प्रणालीच्या आईने तिच्याकडे नुसतं रोखून बघितलं.

प्रणाली मात्र रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती बाळाला मांडीवर घेऊन बसली आणि अगदी सरळपणे म्हणाली,

"काकू, मी कपाटात ठेवलेला. आई म्हणत होती जुनाच घाल, शेकाला नवा कशाला. मीच हट्ट केला. तुम्ही म्हणालेलात ना, पूजेचं कापड आहे, लाभेल."

तिच्या आईने चहा केला. तो मी कसा प्यायले मला आठवत नाही. पेढा मी वाटेत कधीतरी पर्समध्ये टाकला होता, तो चेंबून गेलेला मी निघताना बघितला.

गाऊन घेऊन मी रिक्षात बसले. सवय म्हणून घडी घालायला लागले. शिलाई करणाऱ्या बाईच्या हातात कपडा आला की तिचं बोट आपोआप खालच्या काठावरून फिरतं, दुमड सरळ आहे का बघायला. माझं बोट फिरलं आणि अडकलं. पुढे सरकलं आणि पुन्हा अडकलं. कपडा उजेडात धरला. काठावर बारीक काळी भोकं होती आणि प्रत्येक भोकाच्या कडेला एक कडक दाणा. ठिणग्या उडतात निखाऱ्यातून, ओवा टाकला की तडतडतात. त्या आधीच पडून गेल्या होत्या. मी मोजल्या. सात होत्या.

एकीनेही पेट घेतला नव्हता. का नाही, ते मला अजून माहीत नाही. कदाचित पोरीचं अंग आणि केस ओले होते, कपड्याला ओल लागली होती. कदाचित आणखी काही.

त्या सात ठिणग्यांबद्दल मी त्यांना सांगितलं नाही. परत जाऊन सांगावं असं वाटलं होतं, रिक्षा वळवायलाही तोंड उघडलं होतं. मग वाटलं, ओल्या बाळंतिणीला आणखी कशाला घाबरवायचं. ही मी स्वतःची काढलेली समजूत. खरं म्हणजे तिच्या आईच्या नजरेसमोर दुसऱ्यांदा उभं राहायची माझी हिंमत नव्हती. हे पहिल्यांदाच लिहितेय.

बाकीचे आठ गाऊन चार दिवसांत परत आले. एक बाई द्यायला तयार नव्हत्या, म्हणाल्या, याला इस्त्री लागत नाही, तासाभरात वाळतो, मला हाच हवा. त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून मी एक धागा जाळून दाखवला, तेव्हा त्यांनी पिशवी आणून दिली. शिक्षिकाबाईंची मी माफी मागितली. मीनाच्या बोटावरचा डाग महिनाभराने गेला, पण तिथली कातडी अजून गुळगुळीत आहे. आता दसऱ्याला ताका पाटावर ठेवायच्या आधी काडी मीना लावते. धागा जळून राख झाली की तिचंच बोट मी हळदीकुंकवाच्या करंड्यात बुडवायला लावते. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, असं हसून गिऱ्हाइकं म्हणतात. म्हणू देत.

तो निळा गाऊन काउंटरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे. फेकवत नाही, जाळण्याचा तर प्रश्नच नाही.

प्रणालीने माझं दुकान सोडलं नाही. दर दिवाळीला येते. तिची मुलगी आता पाच वर्षांची होईल. नाव ओवी. गेल्या आठवड्यात दोघी आल्या होत्या. ओवीला चकचकीत, चांदण्यांचा नाइट सूट हवा होता, कुठेतरी बघून आली होती. तिला आमच्या मलमलीत काडीचाही रस नव्हता. मग मी तिला स्टुलावर उभं केलं, मलमलीचा धागा ओढला, चिमट्यात धरला आणि काडी लावली. धागा जळला, राख पडली, ती तिने बोटाने चिरडली आणि टाळ्या वाजवल्या. "परत जाळ ना आजी," म्हणाली. प्रणाली हसत होती. तिला त्या दिवसाची गंमतच आठवते आता, काकू कशी घरी येऊन उंची बघत होती ते ती लोकांना नक्कल करून सांगते.

मी दुसरा धागा ओढला. पोरगी पडू नये म्हणून तिला एका हाताने धरलं होतं. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की माझं बोट तिच्या फ्रॉकच्या काठावरून फिरतंय, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मी मोजतेय.